इंदूर ते शेगाव सायकलने: रूट कुठल्या ॲपवर आखायचा, याची एक केस

प्रकरण असं की चार जणांना दिवाळीनंतर इंदूरहून शेगावला सायकलने जायचं होतं आणि रूट बनवायचं काम माझ्याकडे आलं. चौघं म्हणजे नुकतेच रिटायर झालेले आमचे काका, पहिल्यांदाच एवढं लांब चालवणारी भाची, राजेंद्र नगरचा एक दोस्त जो बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करतो आणि प्रत्येक गोष्ट बीआरएमच्या हिशोबातच बोलतो, आणि मी. मागून कारमध्ये सामान घेऊन काकू. अंतर साधारण सव्वातीनशे किलोमीटर, पहिला मुक्काम खंडवा, दुसरा मुक्ताईनगर, तिसऱ्या दिवशी शेगावचं भक्त निवास. एवढं ठरायला पाच मिनिटं लागली, ॲपवरचा वाद मात्र चहाचे तीन राउंड झाले तरी संपेना, कारण प्रत्येकाचं आपलं एक लाडकं ॲप असतं आणि ते दुसऱ्याच्या फोनमध्ये नाही म्हणजे दुसरा अडाणी.

मी म्हटलं भिया, आधी हे तर ठरवा की ॲपला विचारायचं काय आहे. आम्हाला पाच वेगवेगळी उत्तरं हवी होती. रेषा कुठून जाते, चाकाखाली डांबर आहे का माती, घाट किती उभा, नेटवर्क गेल्यावर आणि काकांच्या जुन्या फोनवर काय चालेल, आणि काकूंना गाडी कुठे थांबवायची ते कसं कळवायचं. ही पाचही उत्तरं नीट देणारं एक ॲप मला तरी मिळालं नाही, आणि पैसे भरले की मिळेल असंही नाही.

आता एक गोष्ट जी कळली की अर्धा वाद आपोआप मिटतो. स्ट्रावा, कोमूट, राइड विथ जीपीएस, बीराउटर, ऑस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स, ही सगळी मंडळी रस्ता काढायला मुख्यतः एकच नकाशा वापरतात, ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून भरलेला, कोणीही दुरुस्त करू शकतो असा. म्हणजे तीन ॲपनी एकच रस्ता दाखवला तर तीन साक्षीदार मिळाले असं नाही, एकाच माणसाला तीनदा विचारलं एवढंच झालं. त्या नकाशात खरगोन जिल्ह्यातल्या एखाद्या सडकेला कोणी ‘टर्शरी’, म्हणजे तिसऱ्या दर्जाची सडक, लिहून ठेवलंय पण सरफेसचा रकाना रिकामा सोडलाय, तर प्रत्येक ॲप तो रकाना आपापल्या अंदाजाने भरतं. कोणी म्हणतं डांबर असेल, कोणी म्हणतं माहीत नाही. ॲप बदललं की अंदाज बदलतो, सडक तीच राहते.

गूगलचा नकाशा वेगळा, म्हणून तो दुसरा साक्षीदार म्हणून कामाचा. पण त्याचा टू-व्हीलर मोड, जो डिसेंबर २०१७ मध्ये आधी आपल्याकडेच आला, तो मोटरसायकलवाल्यांसाठी आहे, त्यातली वेळ सायकलला लावली तर खंडव्याला दुपारच्या जेवणाला पोचाल असं वाटेल. बरं, एका रूटमध्ये थांबे टाकायला मर्यादा, आणि बनवलेला रूट जीपीएक्स फाइल म्हणून, म्हणजे कुठल्याही ॲपमध्ये उघडेल अशी रेषेची फाइल म्हणून, बाहेर काढता येत नाही. मात्र सॅटेलाइट फोटो, ढाब्याचा फोन नंबर, पेट्रोल पंप कुठे, हॉटेल चालू आहे का बंद, यात त्याला तोड नाही. म्हणून काकूंचं खातं तिथेच उघडलं, आठ-दहा थांबे सेव्ह केलेली एक लिस्ट, लिंक व्हॉट्सॲपवर, बस. काकू म्हणाल्या मला ते जीपीएक्स-बीपीएक्स काही समजावू नका, कुठे थांबायचं ते सांगा. बरोबर आहे त्यांचं.

दोस्ताचा जोर स्ट्रावाच्या हीटमॅपवर. जिथे जास्त लोकांनी सायकल चालवली तिथे रेघ जाड आणि चमकदार, आणि रूट काढतानाही ते लोकप्रिय रस्त्याकडे झुकतं. शहराच्या आसपास हे भारी चालतं, सुपर कॉरिडॉर, महू, जाम गेट सगळं झगमगतंय. पण जसजसं खाली निमाडात उतराल तसतशी रेघ बारीक होत जाते आणि आपल्याला वाटतं की इथे सायकल चालवणं धोक्याचं असेल. अहो, निमाडातच तर खरी सायकल चालते! दूधवाले, शेतावर जाणारे, आणि शाळेच्या मुली, कारण मध्य प्रदेशात दुसऱ्या गावी शाळेला जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या पोरांना सरकारकडून सायकल मिळते. यातलं कोणी घरी जाऊन राइड अपलोड करत नाही. हीटमॅप म्हणजे घड्याळवाल्या लोकांचा नकाशा, तेवढ्यापुरता घ्यायचा. त्यावर रेघ नाही म्हणून सडक वाईट, असा अर्थ काढायचा नाही.

कोमूट भाचीचं आवडतं, दिसायला सगळ्यात सुंदर. रूटचा किती भाग डांबरी, किती कच्चा, किती ‘अज्ञात’ याची पट्टी काढून देतं. ती पट्टीच तिला उघडून दाखवली की बघ, शहर सोडल्यावर ‘अज्ञात’ किती आहे. जर्मनीत ही पट्टी भरलेली असते, आपल्याकडे रिकामी असते, सॉफ्टवेअर तेच. शिवाय ही कंपनी २०२५ मध्ये इटलीच्या बेंडिंग स्पून्सनी विकत घेतली, आणि मालक बदलला की फुकटात काय मिळतं तेही बदलू शकतं, म्हणून माझा एक नियम झालाय: रूट कुठेही बनवा पण शेवटी जीपीएक्स फाइल आपल्याजवळ उतरवून ठेवा, कोणाच्या खात्यात अडकवून ठेवू नका. राइड विथ जीपीएस मात्र या केसमध्ये कामाला आलं, रूट बनवायला नाही, क्यू शीटसाठी. म्हणजे कुठल्या किलोमीटरला डावीकडे, कुठे उजवीकडे, अशी यादी, जी बीआरएमवाले छापून हँडलला चिकटवतात. क्यूचे शब्द आपल्या मनाचे घालता येतात, मी मराठीतच घातले.

मुख्य रेषा काढली बीराउटरवर. फुकट, ओपन सोर्स, दिसायला एकदम रुक्ष, भाची म्हणाली हे काय सरकारी वेबसाइटसारखं आहे. असू दे. यात प्रोफाइल असतात, ट्रेकिंग, फास्टबाइक, कमी ट्रॅफिकवाली फास्टबाइक, आणि प्रत्येक प्रोफाइल म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल जिच्यात लिहिलेलं असतं की कुठल्या प्रकारच्या रस्त्याला किती ‘महाग’ समजायचं. ती उघडून वाचता येते, बदलताही येते. बाकीच्या बहुतेकांत ॲपनं हा रस्ता का निवडला हे विचारायची सोयच नाही, इथे आहे. दुसरं म्हणजे नकाशावर गोल काढून सांगता येतं की इथून न्यायचं नाही. आणि अँड्रॉइडवर ऑफलाइन चालतं, पाच बाय पाच अंशांचे डेटाचे तुकडे उतरवायचे. बडवाह, खंडवा, बुऱ्हाणपूर, शेगाव सगळं पूर्व रेखांश ७५ च्या पलीकडे आणि २० ते २५ अक्षांशांच्या आत, म्हणजे एकाच तुकड्यात भागलं. हेच कोणी धुळ्याकडे निघालं तर सेंधव्यानंतर दुसरा तुकडा लागतो, आणि तो उतरवला नसेल तर रूट मध्येच गप्प होतो.

पण प्रोफाइल बनवणारे युरोपात बसलेले आहेत हे विसरायचं नाही. त्यांच्या दृष्टीने शेतातली कच्ची वाट म्हणजे खडी टाकलेली, पाऊस पडला तरी चालणारी. आपल्याकडे माळवा, निमाड, वऱ्हाड सगळीकडे काळी माती. हीच वाट एप्रिलमध्ये सिमेंटसारखी कडक आणि दिवाळीच्या सुमारास एक अवकाळी सर पडली की चाक आणि मडगार्डच्या मधे एवढी माती चिकटते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही, उचलूनच न्यावी लागते. नकाशात वाट एकच असते, तिचे दोन ऋतू लिहायला रकाना कोणी वापरत नाही. म्हणून ‘ट्रॅक’ लिहिलेलं सगळं मी सरळ इतकं महाग केलं की बीराउटरनं त्याच्याकडे बघूच नये. थोडे किलोमीटर वाढले, वाढू देत.

एका ॲपनं (नाव राहू दे) असीरगडच्या पुढे जंगलातून एक फार गोड रेषा काढली होती, हायवे टाळून. सॅटेलाइटवर तीच रेषा पाठलाग करत गेलो तर एका नाल्यापाशी रस्ता खलास आणि पलीकडे नुसती झाडं. नकाशात कोणीतरी फोटोवरून अंदाजे जोडून दिलेली असणार. काकांना दाखवलं तर ते म्हणाले गोड रेषेवर कधी विश्वास ठेवू नये, बँकेतसुद्धा नाही.

आता चढाई. यावरून दोस्त आणि भाची दोन दिवस व्हॉट्सॲपवर भांडत होते कारण एकाच रूटची एकूण चढाई एका ॲपनं जेवढी सांगितली त्याच्या जवळजवळ दीडपट दुसऱ्यानं. दोघंही खरे आणि दोघंही चूक. ॲपना उंची कुठून कळते? बऱ्याच ठिकाणी मुळात एसआरटीएम नावाच्या डेटावरून, जो फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलनं अकरा दिवस रडार फिरवून गोळा केला. साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची. घाटातली सडक डोंगर कापून काढलेली असते, रेषा दहा-वीस मीटर इकडेतिकडे झाली तरी ॲपला वाटतं सायकल आधी कड्यावर चढली मग दरीत उतरली. मोरटक्क्याच्या पुलावर तर ॲपच्या हिशोबात आपण नर्मदेच्या पात्रात उतरून परत चढतो. आणि इंदूर-इच्छापूर हायवेच्या नव्या कामात जे बोगदे आहेत ते तर २००० साली नव्हतेच, नकाशात ‘बोगदा’ असं लिहिलेलं नसेल तर ॲप तुम्हाला डोंगरावरून नेणार. मग प्रत्येक ॲप हे खडबडीतपण आपापल्या पद्धतीनं घासून गुळगुळीत करतं, जो जास्त घासतो त्याची चढाई कमी येते. म्हणून एकूण आकड्याची तुलना दोन ॲपमध्ये करू नका, एकाच ॲपमध्ये दोन रूटची करा. आमचं गणित तसं सोपंच होतं: इंदूर साधारण ५५० मीटरवर, तिथून विंध्याची कड उतरून नर्मदेपर्यंत खाली, मग हळूहळू चढत खंडवा तीनशेच्या आसपास, असीरगडचा घाट ओलांडून बुऱ्हाणपूर अडीचशेला, आणि पुढे तापी-पूर्णेचं सपाट खोरं. म्हणजे हा रूट उताराचाच, भीती चढाची नव्हती, भेरूघाटातल्या उताराची होती. ट्रकबरोबर उतरायचं, तेही चौपदरीकरणाच्या खोदकामातून, यासाठी कुठलंच ॲप आकडा देत नाही.

इथे खरा निर्णय होता. एक, सरळ सिमरोल, भेरूघाट, बलवाडा, बडवाह. दोन, महूवरून जाम गेटनं उतरायचं, अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला दरवाजा, खाली मंडलेश्वर, आणि नर्मदेच्या काठाकाठाने बडवाह. दुसरा रस्ता देखणा, ट्रक कमी, पण पन्नास-साठ किलोमीटर जास्त, म्हणजे खंडव्याचा मुक्काम हुकणार. दोस्त म्हणे २०० किलोमीटरला बीआरएममध्ये साडेतेरा तास मिळतात, आरामात होईल. त्याला होईल हो, ताशी पंधराचा हिशोब आहे तो, थांबे धरून. काकांचा थांबे धरून ताशी बारा, आणि नोव्हेंबरात सहा वाजायच्या आत सूर्यास्त. ॲपमधल्या अंदाजे वेळेचा मी विचारच केला नाही, अंतर भागिले बारा, संपलं.

मग फोनाफोनी सुरू केली. इंदूरच्या मराठी माणसाचे खंडवा-बुऱ्हाणपूरला नातेवाईक नसतील असं होत नाही. खंडव्याच्या मावशी म्हणाल्या, अरे नका येऊ त्या रस्त्यानं, सगळं खोदून ठेवलंय. बडवाहचे एक ओळखीचे म्हणाले, एकदम मस्त आहे, मी परवाच आलो. दोघंही कारनं आलेले. कारवाल्याचं मस्त म्हणजे वेगात गेलो, आणि खराब म्हणजे जाममध्ये अडकलो, सायकलला यातलं काहीच लागू नाही. गूगल मॅप्सवर बलवाड्याच्या बाजूचं एक पंक्चरचं दुकान शोधलं आणि तिथे फोन लावला. भाऊनी दोन मिनिटांत सांगितलं की डायव्हर्जन कुठे आहे, बाजूला चार फूट पक्की जागा कुठपर्यंत मिळते, आणि सकाळी नऊच्या आत घाट उतरा, नंतर ट्रकांची रांग लागते. माझ्या मते रूट आखायच्या साधनांत हा फोन पहिल्या नंबरला यायला हवा. मावशींना वाईट वाटू नये म्हणून त्यांना सांगितलं की तुमचंही ऐकलं.

तर सिमरोलचा रस्ता पक्का, निघायचं अंधार असतानाच. बुऱ्हाणपूरनंतर पुन्हा दोन पर्याय आले. बीराउटरचं कमी ट्रॅफिकवालं प्रोफाइल करोली घाटातून जळगाव जामोदकडे ओढत होतं, सातपुड्याच्या पायथ्यानं, अंतर कमी. दुसरा म्हणजे इच्छापूर, मुक्ताईनगर आणि तिथून मलकापूर-नांदुरा, म्हणजे जुना सहा नंबरचा आणि आताचा ५३ नंबरचा नॅशनल हायवे, तोच ज्याचा अमरावती-अकोला भाग २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज रेकॉर्डमध्ये गेला. सायकलवाल्याला ऐकून हायवे नको वाटतो, मलाही नको वाटतो, पण भाचीची पहिलीच लांबची राइड, मागे काकूंची कार, घाटात नेटवर्कचा भरोसा नाही. हायवेला रुंद शोल्डर, म्हणजे कडेची पक्की पट्टी, दर काही किलोमीटरला चहा. दोस्त नाराज झाला, झाला तर झाला. कमी ट्रॅफिक म्हणजे सेफ असं प्रोफाइल मानतं, पण पंक्चर झाल्यावर कमी ट्रॅफिक म्हणजे मदतही कमी.

फाइलींचं थोडक्यात सांगतो कारण इथे बरेच लोक अडकतात. जीपीएक्समध्ये ‘रूट’ आणि ‘ट्रॅक’ असे दोन प्रकार असतात. रूटमध्ये मोजके बिंदू, मधला रस्ता डिव्हाइस स्वतःच्या डोक्यानं काढतं, म्हणजे आपण आठवडाभर घासलेली रेषा ते एका मिनिटात बदलून टाकू शकतं. ट्रॅकमध्ये बिंदू दाट, रेषा आहे तशी. चौघांनाही ट्रॅकच दिला, आणि तिन्ही दिवसांच्या वेगळ्या फाइली. दोस्ताच्या गार्मिनसाठी, म्हणजे हँडलवरच्या जीपीएससाठी, टीसीएक्स नावाची दुसऱ्या प्रकारची फाइल, कारण त्यात वळणांच्या सूचना बरोबर जातात. काकांच्या जुन्या फोनवर ऑरगॅनिक मॅप्स, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही उतरवून, फोन एअरप्लेन मोडवर. जीपीएस नुसतं ऐकतं, त्याला सिम लागत नाही, बॅटरी दिवसभर पुरते. काकांना हे पटेना, सिमशिवाय कसं चालेल, मग रामबागेपर्यंत एक चक्कर मारून दाखवली.

रस्त्यावर काय झालं ते. घाट नऊच्या आत उतरलो, पंक्चरवाल्या भाऊंचं तंतोतंत खरं निघालं, फक्त एक डायव्हर्जन रातोरात पुढे सरकलं होतं, तिथे स्क्रीनवरची रेषा उजवीकडे आणि सडक डावीकडे, आणि आमची मशीन ‘रूट सोडला’ म्हणून पिकपिक करायला लागली. क्यू शीटवर लिहिलं होतं ‘बलवाड्यापर्यंत मुख्य सडक सोडायची नाही’, त्यावर भागलं. बडवाहला चिवडा. सनावदच्या पुढे काकांनी मैलाचे दगड वाचायचा नाद लावला, पिवळं डोकं म्हणजे नॅशनल हायवे, हिरवं स्टेट, नारिंगी म्हणजे प्रधानमंत्री ग्राम सडक, आणि गंमत म्हणजे कुठल्या फाट्यावरची गल्ली पक्की असेल हे त्या नारिंगी दगडावरून नकाशापेक्षा लवकर कळत होतं. बुऱ्हाणपूरमध्ये एका ॲपनं गावात शिरल्यावर परस्पर नवा रूट काढला आणि भाचीला भर बाजारात नेऊन सोडलं, मावा जिलबी तिथेच मिळाली म्हणून तिनं तक्रार केली नाही. ऑटो-रीराउट बंद ठेवायचं सेटिंग शोधा, हे मात्र तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं.

हायवेवर मलकापूर ते नांदुरा शोल्डर छान, पण त्याच शोल्डरवरून समोरून उलटे येणारे मोटरसायकलवाले आणि ट्रॅक्टर. हे कुठल्या नकाशात लिहिणार? एक रकाना याचाही हवा. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान लांबून दिसला तिथे जीपीएसचं काम संपलं, तिथून जलंबवरून शेगाव विचारत विचारत गेलो, कारण काकांना विचारायला आवडतं.

परत आल्यावर भाचीनं स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप टाकलं, ज्यात नकाशा स्वतःच प्रश्न विचारतो, ही सडक डांबरी का खडीची, आणि आपण उत्तर दिलं की ते थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं. प्रश्न ती जवळपास असतानाच सोडवायचे असतात म्हणून सध्या राऊ-महूच्या आसपासच्या सगळ्या गल्ल्यांना ती सरफेस लावत फिरतेय. असीरगडच्या नाल्यापाशी मात्र कोणीतरी जाऊन बघायला हवं, नुसत्या फोटोवरून खोडणं बरं नव्हे. दोस्त म्हणतो पुढच्या वेळी जाम गेट आणि करोली घाट दोन्ही, चार दिवसांत. फाइल तयार आहे, जळगाव जामोदच्या बाजूचं एखादं पंक्चरचं दुकान शोधणं बाकी आहे.